सान राफाएलची उत्तरेची भिंत

२ जून १९८६, सोमवार

आजपासून कामावर. निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते आणि घरातल्या प्रत्येक बिजागरीला माझं दोनदा तेल घालून झालं होतं. बेर्ना डेन्व्हरहून दर रविवारी फोनवर विचारते, "बाबा, आज कोणाशी बोललात?" आता निदान खरं उत्तर देता येईल. ही वहीही तिनेच पाठवली.

जागा म्हणजे जुनी बँक. बँक केव्हाच बुडाली. तिच्या तिजोरीच्या खोलीत आता रिओ सेको खोऱ्यातल्या जुन्या इमारतींचे कागद आहेत. चर्चं, पिठाच्या गिरण्या, कोठारं, घरं. मोजून काढलेले नकाशे, फोटो, पत्रं. एकशे बारा पेट्या. मिस हॅस्केलनी हे सगळं सत्तेचाळीस वर्षांत गोळा केलं, पण धड यादी एकाही पेटीची नाही. ती मी करायची. मुदत सहा महिने.

मिस हॅस्केल चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, काठीसारख्या ताठ. आमची स्पॅनिश बोलतात ती आमच्या आजीच्या काळातली, त्यामुळे त्यांच्यासमोर उगाच लहान झाल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, "ताफोया, तुम्ही चाळीस वर्षं रस्ते खात्यात नकाशे काढलेत. इथे काढायचं काही नाही. फक्त बघायचं आणि जे आहे ते लिहायचं."

पेट्या गावांप्रमाणे लावल्या आहेत. आमचं एल आलामितो सतराव्या पेटीत. क्रमाने जाणार आहे, त्यामुळे ती येईल तेव्हा येईल.

११ जून, बुधवार

पेटी पाच झाली. फोटोच फोटो. १९३९चा एक आहे: चर्चची भिंत, शिडीवर आणि खाली मिळून नऊ बायका, कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या. मागे लिहिलंय, "स्थानिक मजूर, लिंपणकाम". मिस हॅस्केल तो बघून स्वतःवरच चिडल्या. "हे अक्षर माझं आहे. सत्तावीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. नऊ जणींना विचारायला किती वेळ लागला असता?"

आता जिवंत कोण आहेत ते शोधून नावं घालायची असा हुकूम झाला. आमच्या खोऱ्यात भिंती पुरुषांनी उभ्या करायच्या आणि लिंपायच्या बायकांनी. माझी आईही लिंपायची. तीस वर्षं, दर सप्टेंबरात.

२२ जून, रविवार

मिसाला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, एल आलामितोला गेलो. वर्षातून चार-पाचदा जातो. ओनेसिमो गुरुले यंदा मायोर्दोमो आहे, म्हणजे चर्चची वर्षभराची झाडलोट, दिवाबत्ती, डागडुजी त्याच्याकडे. मिसा संपल्यावर त्याने मला दंडाला धरून उत्तरेच्या बाजूला नेलं.

"बघ."

सिमेंटच्या गिलाव्याचा दरवाजाएवढा तुकडा निसटून पडला होता. आतली जाळी गंजलेली. आणि तिच्यामागे कच्च्या विटा ओल्या. जून महिन्यात, तीन आठवडे पाऊस नसताना ओल्या. सेनाइदाबाई बासा, गावाच्या दोन्या सेनाइदा, तिथे आधीच उभ्या होत्या. शहात्तर वर्षांच्या, पण कुठेही कोणाच्याही आधी पोचतात. त्यांनी विटेत बोट घातलं. पेरापर्यंत आत गेलं.

"भिंतीला रेनकोट घातला," त्या म्हणाल्या, "आणि आतल्या आत घाम फुटून मरायला टाकलं. कोणाच्या डोक्यातून निघालं होतं कोण जाणे."

मी जाळीचा गंज बोटाने खरवडत राहिलो. एकसष्ट साली सिमेंट घातलं तेव्हा त्या गावात नव्हत्याच, नवऱ्याबरोबर कोलोरॅडोला बीटच्या शेतांवर होत्या. त्यांना कुठून माहीत असणार.

ओनेसिमो म्हणाला की वरून, बिशपांकडून पत्र आलंय. हिवाळ्याआधी भिंत सावरली नाही तर चर्चला कुलूप. सान्ता फेहून व्हिटलो नावाचा एक जाणकार जुलैत येणार आहे. "तू त्या कागदांच्या बँकेत आहेस ना? सिमेंटच्या आधी इथे काय होतं ते सापडतं का बघ."

"बघतो," म्हटलं.

"बघ हं," दोन्या सेनाइदा म्हणाल्या. "नजर चांगली आहे तुझी. आईसारखी."

९ जुलै, बुधवार

पेटी सतरा.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, ही वही दुसरं कोणी वाचणार नाही.

सगळ्यात खाली होतं ते. मला माहीत होतं की असेल, किंवा असू शकेल. रस्ते खात्याच्या कागदावर काढलेला नकाशा, सान राफाएल चर्चची उत्तर बाजू, तारीख ६ मे १९६१, कोपऱ्यात माझी सही. त्याला टाचलेलं पत्र, तेव्हाचे मायोर्दोमो फेलिबेर्तो गुरुले यांना. ओनेसिमोचे वडील. चौतीस वर्षांचा कोणी शहाणा लिहितो की मातीचं लिंपण ही मागासलेली पद्धत आहे. सिमेंटचा गिलावा एकदा केला की शंभर वर्षं बघायला नको. भिंतीलगतचं जुनं दगडी गटार बुजवून वर काँक्रीटचा पट्टा घालावा म्हणजे सिमेंटचा ट्रक आत आणता येईल. अक्षर सुंदर आहे. माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं.

त्याच्याच जोडीला मिस हॅस्केलच्या पत्राची नक्कल, दोन महिन्यांनंतरची: कृपा करून हे करू नका, भिंतीला श्वास घेऊ द्या. ते पोचलं तेव्हा काम संपलं होतं. मी तेव्हा दक्षिणेला रस्त्याच्या कामावर होतो. सिमेंट गावच्या माणसांनी घातलं. माझं नाव फक्त फेलिबेर्तोंना ठाऊक होतं आणि ते एकोणसत्तरला गेले.

मी ते का लिहिलं, हेही लिहून ठेवतो. दर सप्टेंबरात आईचे हात फुटायचे. थंड चिखलात दोन-दोन आठवडे. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडून रक्त यायचं, त्यावर ती मेंढीची चरबी चोळायची आणि रात्री पीठ मळताना ओठ दाबून धरायची. मला वाटलं, आता पुरे.

मिस हॅस्केल दुपारी डॉक्टरकडे गेल्या होत्या. नकाशा आणि माझं पत्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी आणलं. आता ते स्वयंपाकघरात, ताटाळ्याच्या मागे आहे. चाळीस वर्षांत खात्याची एक पेन्सिल मी घरी आणली नव्हती.

१० जुलै, गुरुवार

"पेटी सतरा झाली?"

"झाली."

"किती कागद?"

"एक्केचाळीस."

मिस हॅस्केलनी चष्म्यावरून बघितलं. "एल आलामितो तुमचंच गाव ना? मग तुमच्याइतकं कोणाला कळणार." आणि आपल्या खोलीत गेल्या. वय झालंय, आता त्यांच्या लक्षात राहत नसावं काय काय होतं ते. त्याचंही वाईट वाटलं.

२० जुलै, रविवार

दोन आठवड्यांपासून गावात सिमेंट काढणं चालू आहे. व्हिटलो तरुण आहे, दाढीवाला, घाई न करणारा. छिन्नीने सुटं करायचं आणि दोघांनी मिळून पत्र्यासारखं सोलून काढायचं. मीही शनिवार-रविवार जातो. पायथ्याच्या विटा बुडवलेल्या पावासारख्या झाल्यात. खराब झालेल्या तेवढ्या एक सोडून एक काढायच्या, त्या जागी सुक्या नव्या घालायच्या, मग उरलेल्या. नाहीतर वरची भिंत बसेल.

जेवणाला दोन्या सेनाइदांनी बीन्स आणि हिरवी मिरची आणली होती. माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुझ्या आईला शेवटी शेवटी बघितलंस?"

"म्हणजे?"

"आम्ही चौसष्टला परत आलो. बघते तर एदुविहेनबाई अंगणातली भट्टी लिंपतेय. म्हटलं, ठीक आहे. महिन्याने गेले तर पुन्हा लिंपतेय. वर्षातून तीन वेळा. भट्टीला एकदा पुरतं, बाबा."

"भट्टी तडकते ना लवकर. आच लागते."

दोन्या सेनाइदांनी माझ्याकडे बघितलं आणि ताटली पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "खा. निवतंय."

खरंच, त्या भट्टीला नेहमी तडे जायचे असं मला आठवतं. मी दर वेळी आलो की ती नवीकोरी दिसायची.

३ ऑगस्ट, रविवार

आज अडलं. व्हिटलो म्हणतो, विटा बदलून उपयोग नाही. छपराचं पाणी उत्तरेला पडतं आणि जायला वाट नाही म्हणून पायात मुरतं. पूर्वी नक्की एखादं गटार असणार, पाटाकडे जाणारं. ते सापडलं तर उत्तम, नाहीतर नवीन चर खणायचा, भिंतीपासून पाटापर्यंत, चर्चच्या दफनभूमीतून आरपार.

"खणायचा नाही," दोन्या सेनाइदा म्हणाल्या.

ओनेसिमोने समजूत घालायला सुरुवात केली, की जुने क्रूस जिथे आहेत ती जागा सोडून खणू.

"क्रूस आहेत कुठे? ट्रक आणायला सगळे उपटले. मग परत लावले कोणी? नऊ होते त्या बाजूला, सगळी तान्ही पोरं. माझा लुसियानो तिथे आहे. चव्वेचाळीसचा. चार महिन्यांचा. परत आले तेव्हा वर खडी पसरलेली होती. कोपऱ्यापासून तिसरा की चौथा, मला सांगता येत नाही. आईला सांगता येत नाही! मी रविवारी येते आणि सगळ्या खडीकडेच बघून प्रार्थना करते. आता त्यात कुदळ घालणार?"

व्हिटलोने टोपी काढली. ओनेसिमो बुटाच्या टोकाने खडी सारखी करत राहिला. पिकअपमध्ये जाऊन बसलो, पाणी प्यायलो, आणि कोणाचा निरोप न घेता निघालो.

४ ऑगस्ट, सोमवार

कामावर गेलो नाही, पोट बिघडल्याचं कळवलं. ताटाळ्यामागून नकाशा काढला. त्या दिवशी बँकेत मी फक्त सही आणि पत्र बघितलं होतं, नकाशा नीट बघितलाच नव्हता.

गटार आहे. दगडी, अठरा इंच रुंद, भिंतीपासून चार फुटांवर, मग तिरकं पाटाकडे. प्रत्येक वळणाचं माप.

आणि क्रूस आहेत. नऊच्या नऊ. ट्रकच्या वाटेत येतात म्हणून मी ते दाखवले होते, अडथळे म्हणून, बारीक फुल्यांनी, आणि चर्चच्या दोन्ही कोपऱ्यांपासून प्रत्येकाचं अंतर. शेजारी लाकडावर जी अक्षरं कोरलेली होती ती. चौथी फुली: "ल. बा." पूर्व कोपऱ्यापासून एकतीस फूट चार इंच, पश्चिमेपासून सेहेचाळीस फूट. खाली टीप: काम झाल्यावर क्रूस पूर्ववत लावणे.

कोणी लावले नाहीत. मी ती टीप लिहिली आणि निघून गेलो. पुढे आई जाईपर्यंत सात वर्षं तिच्याकडे येत होतो, दर वेळी त्या खडीवरून चालत मिसाला गेलो असेन.

खणातून पट्टी आणि कोरा कागद काढला.

एक वाट अशी दिसते की मापं दुसऱ्या कागदावर उतरवायची आणि "संग्रहात सापडली" म्हणून द्यायची. सही नसलेला कागद. गटारही मिळेल, कबरीही मिळतील. अर्धा कागद उतरवलाही. हात चांगला चालतो अजून.

मग ल. बा. लिहायची वेळ आली आणि पुढे काढवेना.

११ ऑगस्ट, सोमवार

आठवडा असाच गेला. आज वर्तमानपत्राची गुंडाळी तशीच मिस हॅस्केलच्या टेबलावर ठेवली.

"हे पेटी सतरामधलं. बेचाळिसावा कागद. मी नेला होता."

त्यांनी गुंडाळी उघडली नाही. खणातून एक जाडं रजिस्टर काढून माझ्या बाजूला फिरवून ठेवलं. बाहेर दिलेल्या कागदांची नोंद. ९ जुलै, एल आलामितो, उत्तर बाजूचा नकाशा व सोबतचं पत्र, नेस्तोर ताफोया, घरी अभ्यासासाठी. त्यांचंच अक्षर, आता थोडं कापरं झालेलं.

"परत आल्याची तारीख घाला," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"तो कागद मी पंचवीस वर्षांत शंभरदा बघितलाय, ताफोया. दुसऱ्या कोणी क्रूस मोजले नसते. ट्रकच्या वाटेत आहेत एवढं लिहून सोडलं असतं. तुम्ही मोजलेत. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"मग तुम्हीच गावात का नाही सांगितलं? त्या बाईला—"

"कोणत्या बाईला?"

दोन्या सेनाइदाचं सांगितलं. मिस हॅस्केल उठून खिडकीशी गेल्या. "क्रूस परत लावले नाहीत, हे मला माहीत नव्हतं. काम झाल्यावर मी तिकडे फिरकलेच नाही. रागावले होते तुमच्या गावावर." मग स्वतःशीच, "पंचवीस वर्षं. किती हट्टी असावं माणसानं."

मी तारीख घातली. त्यांनी टोपी आणि शंभर फुटी टेप काढून ठेवला आणि म्हणाल्या की रविवारी त्याही येणार.

१७ ऑगस्ट, रविवार

मिसा संपली. बाहेर, पॉपलरच्या सावलीत सगळे थांबले होते. वीस-बावीस माणसं. मी पिकअपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि पत्र मोठ्याने वाचलं. सगळं. "मागासलेली पद्धत"सुद्धा. मग म्हटलं, "खाली सही माझी आहे. सिमेंट मी सुचवलं. हा कागद मी महिनाभर लपवून ठेवला होता."

ओनेसिमोने मान हलवली. "बरं. गटार कुठून जातं?"

मला वाटलं त्याने ऐकलं नाही. "ओनेसिमो, सिमेंट मी—"

"अरे हो, माहीत आहे! बाबांनी त्याच रविवारी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, याच झाडाखाली. एदुविहेनबाईंचा मुलगा सरकारी कागदावर लिहितो म्हणून काय मिरवले होते. तुझी आई पुढेच बसली होती."

"आई होती?"

"होती की. सगळे तिच्याकडे बघायला लागले, कारण लिंपण तिचं. ती उठली आणि म्हणाली, मुलानं एवढं लिहिलंय तर करा."

पुढचं थोडा वेळ मला नीट ऐकू आलं नाही. कोणीतरी पाणी दिलं. दोन्या सेनाइदा बोलत होत्या: "...कोलोरॅडोला असले म्हणून काय झालं, परत आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात कळलं मला. आणि हा बाबा पंचवीस वर्षं मान खाली घालून येतो, तोंड उघडत नाही. आम्हाला वाटलं, विसरला."

"मी विसरलो नव्हतो," म्हटलं.

"ते आता कळलं. दाखव तुझा कागद."

मी चौथ्या फुलीवर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही फारसं, पण ती दोन अक्षरं आली. त्यांनी विचारलं, "हे अक्षर क्रूसावर होतं?"

"होतं. मी बघून लिहिलं."

"त्याच्या बापाने कोरलं होतं. चाकूने."

मग आम्ही मोजलं. व्हिटलो टेपचं टोक घेऊन पूर्वेच्या कोपऱ्याशी बसला, मिस हॅस्केल दुसरा टेप घेऊन पश्चिमेच्या. एकतीस फूट चार इंच. सेहेचाळीस फूट. दोन्ही टेप जिथे भेटले तिथे मी खडीत एक खुंटी ठोकली. दोन्या सेनाइदा आल्या, खुंटीकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, जणू खोलीतल्या वस्तू जागच्या जागी आहेत का ते तपासताहेत.

"मी पलीकडे बघत होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. दोन हात पलीकडे."

गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी खडी बाजूला करायला लागल्या. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांच्या शोधा. आठ आहेत अजून."

संध्याकाळपर्यंत नऊ खुंट्या झाल्या. मिस हॅस्केल हल्ली काठी घेऊन चालतात; त्या वाकून मोजताना ती मी धरून होतो. गटार नऊच्या नऊ कबरींना चुकवून जातं. ज्यांनी ते आधी बांधलं त्यांनी, की ज्यांनी नंतर मुलं पुरली त्यांनी, कोणी जपलं ते कागदावर नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

काँक्रीटचा पट्टा फोडला. गटार अडीच फूट खाली मिळालं, मी काढलं होतं तिथेच, दगड जागच्या जागी. माती काढून पाण्याची एक बादली ओतली. व्हिटलो पाटाशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने ओरडला, "आलं!"

१३ सप्टेंबर, शनिवार

विटा बदलून झाल्या. आजपासून लिंपण. दोन्या सेनाइदा खुर्चीवर बसून हुकूम सोडतात. अकरा बायका आहेत, त्यांतल्या आठ जणींनी आयुष्यात कधी लिंपलेलं नाही. ओनेसिमोची सून शहरातल्या बँकेत नोकरी करते, तिची नखं लाल आहेत आणि ती सगळ्यांत चांगलं करते.

मी विचारलं, मी काय करू. "तू तुडव," असं उत्तर मिळालं. माती, वाळू, गव्हाचा भुसा, पाणी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दिवसभर तुडवलं. दर तासाने दोन्या सेनाइदा उठून येतात, चिमूट घेऊन जिभेला लावतात. "वाळू कमी." "भुसा लांब आहे, बारीक कर." एकदा काहीच बोलल्या नाहीत तर मी विचारलं. "बोलण्यासारखं नाही म्हणून नाही बोलले."

संध्याकाळी माझे पाय फुटले होते. बेर्नाला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, वय काय तुमचं?" पण हसत होती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सान राफाएलचा सण. काल बर्फाचे चार कण पडले, तोवर भिंत वाळली होती. मिसा, मिरवणूक, मग पोसोलेचं गरम कालवण आणि बिस्कोचितो बिस्किटं. नवे नऊ क्रूस देवदाराचे, अक्षरं मी नकाशावरून उतरवून दिली, कोरली ओनेसिमोने. पाद्र्यांनी प्रत्येकावर पाणी शिंपडलं.

मग पुढच्या वर्षाचा मायोर्दोमो निवडायची वेळ आली. दोन्या सेनाइदा उठून म्हणाल्या, "नेस्तोर ताफोया," आणि सगळ्यांनी हात वर केले, एकदम, जणू आधी ठरलेलं. मी गावात राहतही नाही. चाळीस मिनिटं गाडी चालवून यावं लागतं. ओनेसिमोला विचारलं की मीच का, तर तो नुसता पाठीवर थोपटून गेला.

बहुतेक माझ्याकडे पिकअप आहे म्हणून. आणि निवृत्त माणसाला वेळ असतो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा महिने आज संपले. पेट्या झाल्या बासष्ट. मिस हॅस्केल म्हणाल्या, "उरलेल्या पन्नास कोणी आपोआप करणार आहे का?" म्हणजे सोमवारी पुन्हा जायचं.

पेटी सतराची यादी आज पक्की केली. बेचाळीस कागद. शेवटच्या कागदाचं वर्णन तीनदा लिहून खोडलं. एकदा फार कठोर झालं, एकदा स्वतःची बाजू मांडल्यासारखं. शेवटी राहिलं ते असं: "सान राफाएल चर्च, उत्तर बाजू. काढणारा नेस्तोर ताफोया, दोन्या एदुविहेन ताफोया यांचा मुलगा. त्या या चर्चच्या लिंपणकर्त्या, १९३१ ते १९६०. सोबतच्या पत्रातला सल्ला चुकीचा आहे. मापं बरोबर आहेत."

१५ मार्च १९८७, रविवार

यंदा बर्फ खूप पडलं आणि दोन आठवड्यांत सगळं वितळलं. सकाळी मिसाच्या तासभर आधी पोचलो. चर्च उघडलं, शेगडी पेटवली, बाकं पुसली आणि उत्तरेला गेलो. छपराच्या पन्हळीतून पाणी धो धो गटारात पडत होतं आणि पाटाकडे चाललं होतं. भिंतीच्या पायथ्याला तळहात लावला, चार ठिकाणी. गार होती, पण कोरडी. बोट दाबून पाहिलं, गेलं नाही.

दोन्या सेनाइदा लुसियानोजवळ होत्या. उठताना माझ्या दंडाला धरलं आणि भिंतीचा वरचा कोपरा दाखवला. पन्हळीखाली हातभर लिंपण धुऊन गेलं होतं.

"सहा महिनेही झाले नाहीत," मी म्हटलं.

"मग? दरवर्षी जातं. दरवर्षी लावायचं. जा, भिजव थोडी."

शेडमध्ये सुकी माती होती. बादलीभर भिजवून, मळून आणली. त्यांनी जिभेला लावली, मान हलवली आणि बादली माझ्याच हातात परत दिली. "शिडीवर चढ. माझे गुडघे गेले."

मी कधी हाताने लिंपलेलं नाही. आईने कधी हात लावू दिला नव्हता. गोळा घेऊन भिंतीवर मारला आणि तळव्याने पसरवला.

"खरवडून काढ," खालून आवाज. "भिंतीला थापड मारू नकोस. आधी पाणी लाव."

काढलं, पाणी लावलं, पुन्हा केलं.

"खालून वर. वरून खाली नाही. काढ."

तिसऱ्यांदा लावलं. खालून वर, मनगट सैल ठेवून. घंटा वाजायची वेळ झाली होती आणि लोक यायला लागले होते. बराच वेळ खालून काहीच आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं, तर दोन्या सेनाइदा मिसाला आत निघून गेल्या होत्या.

म्हणजे बरं झालं असावं. नाहीतर त्या गेल्या नसत्या. हात धुतले आणि घंटा वाजवायला गेलो.